कोण कोण हाय?

सिद्धांत खोटं बोलायला लागला की पुस्तकातलं मराठी बोलायचा. एरवी त्याच्या तोंडात 'हाय' आणि 'न्हाई' असायचं, जसं आमच्या जांबे गावात आणि त्याच्या चांदे गावात सगळ्यांच्याच असतं. पण थाप मारायची वेळ आली की गडी एकदम सभ्य व्हायचा आणि म्हणायचा, "मी तर विहिरीवर आहे. मी काहीही केलेलं नाही." ही खूण फक्त मला माहीत होती. मी ती कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर माझं जिंकणं बंद झालं असतं.

जिंकणं म्हणजे फोनवरच्या एका खेळातलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला 'चोरगाव' म्हणायचो. कमीत कमी चार जण लागतात. त्यातला एक चोर असतो आणि तो कोण, हे ॲप फक्त त्यालाच सांगतं. बाकीचे फोनमधल्या गावात पाणी भरतात, दिवे लावतात, आणि चोर ती कामं गुपचूप बिघडवत फिरतो. बिघडलेलं दिसलं की कुणीही घंटा वाजवायची. मग सगळ्यांचे माइक उघडतात, दोन मिनिटं एकमेकांवर आरोप करायचे आणि मतं टाकून एकाला गावाबाहेर काढायचं. काढलेला माणूस भूत होतो. भुताला सगळं ऐकू येतं, पण खेळ संपेपर्यंत त्याचा माइक बंद, चॅटही बंद. तो कितीही ओरडला तरी गावाला पत्ता लागत नाही.

एवढं काय आहे त्यात, असं लोक विचारतात. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्या गोड भाषेत लिहायच्या. आठवडाभर गोड बोलून माझं डोकं उठतं. रविवारी पाच वाजता मात्र जिवाभावाच्या माणसांना तोंडावर खोटारडं म्हणायचं, स्वतः धडधडीत खोटं बोलायचं, आणि शेवटी कुणी रागवायचं नाही. शिवाय माणूस खोटं बोलताना जेवढा कळतो तेवढा खरं बोलताना कळत नाही. सिद्धांतला मी दहावीपासून ओळखत होते, पण या खेळात तो मला नव्यानं आवडायला लागला. ते त्याला सांगायचं राहून गेलं.

खेळाआधी हजेरी व्हायची. आमच्या जांब्याचाच इंद्रजित ॲपच्या चॅटमध्ये लिहायचा, "कोण कोण हाय?" आणि आम्ही एकेक जण खाली लिहायचो, "हाय." चौथी खेळाडू होती दिशा, माझ्या ऑफिसातली मैत्रीण, पुण्यात कोथरूडला राहणारी. पहिल्या रविवारी तिला वाटलं सगळे एकमेकांना इंग्रजीतलं हाय करतायत, म्हणून तिनंही आनंदानं हात हलवणारी पाच-सहा चित्रं टाकली. आम्ही तिला महिनाभर छळलं. बाजू घेतली ती फक्त सिद्धांतनं. "बरोबर हाय की तिचं," तो म्हणाला. "हाय म्हनलं म्हंजे तिकडं मानूस हाय."

गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी तो धरणापलीकडच्या डोंगरावर गेला होता, एका बंद बंगल्याचा इन्व्हर्टर दुरुस्त करायला. तो इलेक्ट्रिशियन होता. तिथं मोबाइलला रेंज नसते, पण बंगल्यात वायफाय होतं, म्हणून काम उरकून तो मागच्या पायरीवर बसून आमच्याबरोबर खेळायला लागला. त्या दिवशी चोर मी होते. इंद्रजितनं घंटा वाजवली, भांडण सुरू झालं, आणि मधेच सिद्धांत म्हणाला, "आरं थांबा, थांबा. पायाला कायतरी चावलंय. लई आग हुतीया."

इंद्रजित हसला. आदल्याच रविवारी सिद्धांतनं "माझ्याकडे पाहुणे आलेले आहेत" असं सांगून संशय टाळला होता. "आलं ह्याचं नाटक," इंद्रजित म्हणाला, पण जरा थांबला. "नमे, तू सांग. तू ह्याला वळखतीस."

'हुतीया' म्हणाला होता तो. 'होत आहे' नाही. मला तिथल्या तिथं कळलं की हे खरं आहे. आणि मी म्हणाले, "नाटकच करतोय. हाच चोर आहे." कारण चोर मी होते, मला एक माणूस कमी करायचा होता, आणि मला वाटलं मुंगळा असेल, फार तर गांधीलमाशी.

तिघांची मतं पडली. सिद्धांतच्या नावापुढे भुताचं चित्र आलं आणि त्याचा आवाज तुटला. खेळ आणखी नऊ मिनिटं चालला, आणि ती नऊ मिनिटं तो खेळातच होता, ॲपमध्ये तशी नोंद दिसते. शेवटी मी जिंकले. "सिद्ध्या, रुसलास का रं?" असं मी चॅटमध्ये लिहिलं, उत्तर आलं नाही, आणि मी चहा ठेवायला गेले.

घोणस होती. सात वाजता एका दुधाच्या गाडीवाल्याला तो घाटरस्त्याला मोटरसायकलजवळ पडलेला सापडला. फार उशीर झाला होता.

त्याच्या आईला, फुलामावशीला, लोकांनी सांगितलं की तो एकटाच होता, रेंज नव्हती, कुणाला सांगायला त्याला मिळालंच नाही. आम्ही तिघांनी ते तसंच राहू दिलं. चौथ्या दिवशी इंद्रजितच्या गाडीत बसून ठरवलं, की खरं सांगून काही तिचा मुलगा परत येणार नाही. दिशा रडली, इंद्रजित काचेबाहेर बघत राहिला आणि मी मान हलवली. ते दोघं समजतात की आपण तिघंही फसलो. 'हुतीया'ची गोष्ट मी त्यांनाही सांगितलेली नाही. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. दात घासताना, जिना चढताना, मीटिंगमध्ये, मी तो बंद माइक ऐकत असते. त्या नऊ मिनिटांत तो चोर कोण ते ऐकायला थांबला होता, की आम्हाला हाका मारत होता?

मे महिन्यात दिशानं ग्रुपवर लिहिलं, रविवारी पाचला नुसतं भेटूया का, पूर्वीसारखं? तिघांत खेळ सुरू होत नाही, पण खोली उघडून गप्पा मारता येतात. मला नको होतं. पण नाही म्हटलं असतं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. मी गच्चीवर टाकीच्या सावलीत जाऊन बसले आणि ॲप उघडलं.

इंद्रजितनं सवयीनं लिहिलं, "कोण कोण हाय?" दिशानं लिहिलं, हाय. मी लिहिलं, हाय. आणि त्याखाली चौथी ओळ आली. सिद्धांतचं नाव, हेल्मेट घातलेला त्याचा फोटो आणि पुढे एकच शब्द.

"हाय."

सावलीबाहेर मे महिन्याचं ऊन होतं. मी फोन डोळ्यांजवळ नेला आणि तो शब्द पुन्हा वाचला.

"कोण करतंय हे?" दिशाचा आवाज चिरका झाला होता.

"मी न्हाई. आईच्यान मी न्हाई," इंद्रजित म्हणाला. "नमे, तू हायस का?"

"मी नाही."

दोघांचाही विश्वास बसला नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता, इतकी वर्षं आम्ही एकमेकांना हेच तर शिकवलं होतं. तेवढ्यात चार जण भरले म्हणून खेळ आपला आपण सुरू झाला.

फोनमधल्या गावात सिद्धांतचा निळ्या सदऱ्याचा माणूस पाराजवळ उभा होता. बराच वेळ तो हललाच नाही. मग वळला आणि माझ्याकडे यायला लागला. मी विहिरीकडे गेले, तो मागे आला. मी देवळामागे गेले, तो भिंतीला धडकला, थांबला, परत धडकला, आणि वाट सापडल्यावर पुन्हा माझ्या मागे. दिशाकडे नाही, इंद्रजितकडे नाही, माझ्याचकडे. माझ्या मनात आलं, याला माहीत आहे. दोघं फसले आणि एकीनं जाणूनबुजून केलं, हे याला माहीत आहे. माझ्यानं बघवेना. मी घंटा वाजवली.

चौघांचे माइक उघडले. चौथ्या माइकमधून श्वास ऐकू येत होता. जड, थकलेला. मग घसा खाकरल्यासारखा आवाज आला, कुणी बोलायला लागावं तसा.

"काढा," मी ओरडले. "आधी त्याला काढा!"

तीन मतं पडली. नावापुढे भूत आलं आणि तो श्वास बंद झाला. दुसऱ्यांदा काढलं होतं मी त्याला.

दोन मिनिटं अजून संपली नव्हती, आम्हा तिघांचे माइक उघडेच होते. दिशा हुंदके द्यायला लागली. "आपण त्याच्या आईला सांगायला हवं होतं. त्यानं आपल्याला सांगितलं होतं ना. स्पष्ट सांगितलं होतं, आणि आपण हसलो."

"गप बस. आता काय त्याचं," इंद्रजित म्हणाला, पण त्याचाही आवाज ओला होता.

यादीत ते भुताचं चित्र अजून होतं. तो जो कोण होता तो गेला नव्हता. "बोलू नका," मी म्हणाले. "त्याला ऐकू येतं." इंद्रजितनं घाईघाईनं खोली बंद केली.

मग नोकरीची सवय कामाला आली. गोष्ट घडली की ती कुठून घडली हे शोधायचं. ते खातं सिद्धांतच्या फोनवर होतं. आणि तो फोन त्याच्या कपड्यांबरोबर पिशवीत घालून चांद्याला गेला होता. खरं सांगते, भूत असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी स्कूटर काढली. चांद्यात पोचले तेव्हा सूर्य अजून वर होता. फुलामावशी अंगणवाडीत मदतनीस आहे, रविवारी घरीच असते. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली आता सिद्धांतचा फोटो होता. ती त्याच्या खाली भिंतीला टेकून बसली होती आणि फोन मांडीवर होता.

"जय भीम, मावशी," मी दारातूनच म्हणाले.

"जय भीम. ये, बस." तिनं चटई पुढे सरकवली. "तू येशील आसं वाटलंच मला."

मी बसले. ती फोनकडे बघत म्हणाली, "दर रइवारी पाचला वाजतुया ह्यो. खेळाची येळ झाली म्हून. एवढं म्हैनं नुसती ऐकत बसायचे. आज म्हनलं, बघू तरी. फोनचं कुलूप उघडायची त्याची खूण मला ठावं हाय, माझ्याम्होरंच काढायचा."

"पण हाय असं कसं लिहिलंत?"

"मी कुटं लिवलं? बोट लावलं तर फोननंच शबुद दिला. म्हनलं, आसंल बाबा, हायच म्हनायचं आसंल." तिनं पदरानं फोनची काच पुसली. "तुमची चित्रं फिराय लागली. तुझं नाव वाचाय आलं, म्हून तुझ्या मागं मागं आले. मग तुमचे आवाज आले. लई बरं वाटलं गं. बोलावं म्हनलं, तवर त्ये भुताचं चित्र आलं. मी लई हाका मारल्या. नम्रता, ए नम्रता. कुनी ओ देईना."

म्हणजे बंद माइकमागे असं असतं.

"ती पुन्याची पोर रडत हुती," मावशी म्हणाली. "त्यानं सांगितलं हुतं, म्हनली. काय गं सांगितलं हुतं?"

सांगायलाच आले होते मी. वाटेत वाक्यं जुळवली होती. पण तिचा चेहरा समोर आल्यावर तोंडातून भलतंच आलं. "काही नाही, मावशी. तो नेहमीप्रमाणे हसत होता. त्याला काही त्रास होत आहे, असं आम्हाला मुळीच वाटलं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. कुठला तरी जुना ओळखीचा आवाज ऐकावा, तशी.

"सिद्ध्या बी आसाच बोलायचा," ती म्हणाली. "ल्हानपनापास्नं. खोटं सांगायचं आसलं की मास्तरावानी बोलायचा." तिनं फोन चटईवर ठेवला. "आता आपल्या बोलीत सांग."

मी खाली बघितलं. त्या फोनच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता, तो घाटात पडला तेव्हाचा असणार.

"त्याला चावलं हुतं, मावशी," मी म्हणाले. "लई आग हुतीया म्हनला. त्या दोघांस्नी खोटं वाटलं. मला न्हाई वाटलं. मला कळलं हुतं खरं हाय. तरी मीच म्हनले, काढा ह्याला."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. बाहेर कुणीतरी हंडा घासत होतं. तिनं फोन परत उचलला आणि त्या रविवारच्या नोंदीवर बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, "त्या रोजी चोर कोन हुतं गं? त्यो नऊ मिंटं बसला हुता ऐकत, फोनात दिसतंय."

"मी," मी म्हणाले. "मीच हुते."