केल्विनची दोन पानं

मी एक रेझ्युमे बोलतोय. हो, तोच, नोकरीच्या अर्जाला जोडतात तो. आमची जात जन्मभर बडबडतच असते, पण नेहमी दुसऱ्याच्या वतीनं. आज पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं चार शब्द सांगतोय, तर जरा ऐकून घ्या.

माझा मालक केल्विन ट्रेझाईज. दक्षिण ऑस्ट्रेलियात, आखाताच्या काठी पोर्ट ट्रेवेना नावाचं आमचं गाव आहे. इथं पूर्वी तांब्याच्या खाणी होत्या आणि त्या खणायला कॉर्नवॉलहून माणसं आली होती. खाणी कधीच्या बंद पडल्या, पण त्या माणसांची आडनावं आणि हट्ट मात्र गावात अजून टिकून आहेत.

केल्विन गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात होता. ती नोकरी त्याला फुटबॉलच्या सरावात मिळाली. दुकानाचे मालक ग्लुयास मैदानाच्या कडेला उभे होते, ते म्हणाले, "दुकानात येतोस का रे?" हा म्हणाला, "येतो." झाली मुलाखत. तेव्हापासून केस पांढरे होईपर्यंत तो तिथंच होता, त्यामुळे रेझ्युमे नावाच्या प्राण्याशी त्याची कधी गाठच पडली नाही.

मग शेजारच्या गावात मोठं दुकान आलं आणि ग्लुयासांनी शटर ओढलं. केल्विन घरी बसला. त्याची मुलगी टेगन ॲडलेडला एका ऑफिसात असते. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे ये. मागची खोली रिकामीच आहे." तिनं मायेनंच म्हटलं होतं, पण केल्विनला ते नको होतं. गाव सोडायचं म्हणजे होडी विकायची, घर विकायचं आणि बायकोला, मर्लला, इथल्या दफनभूमीत एकटीला ठेवून जायचं. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. मला कळलं, कारण मला लिहिताना तो पुन्हापुन्हा उठून होडी बघून यायचा.

समुद्राकाठच्या कॅरव्हान पार्कला मॅनेजर हवा होता. सुट्टीला आलेली माणसं आपापल्या कॅरव्हान नाहीतर तंबू घेऊन तिथं उतरतात. गावात राहायचं तर केल्विनला ही एकच आशा होती, म्हणून माझा जन्म झाला.

जन्मतःच मी कसा होतो ते सांगायला लाज वाटते. निळ्या शाईत अर्धं पान. 'नाव: केल्विन. वय: छप्पन्न. विधुर. दारू: फक्त शुक्रवारी. दुकानात होतो. दुकान बंद झालं, त्यात माझा दोष नाही. बाकी काही खास नाही.' वर डकवलेल्या फोटोत केल्विननं एक भला मोठा मासा धरला होता. खरं सांगायचं तर फोटोत माशाचाच चेहरा जास्त उमेदवारासारखा दिसत होता.

बेकारांना नोकरी शोधून देणाऱ्या एका ऑफिसात त्याला आधी पाठवलं. तिथल्या तरुणानं मला कॉम्प्युटरवर घेतलं आणि माझं दुसरं बारसंच केलं. मी आता 'गतिमान, परिणामकेंद्री, ग्राहकाभिमुख नेतृत्व' झालो. गल्लीतल्या पोराला नवरदेवाचा फेटा बांधावा तसं माझं झालं, धड दिसतही नव्हतं नि काढताही येत नव्हतं.

केल्विननं मला भाबडेपणानं पबमध्ये नेलं. त्याचा दोस्त डार्सी मला हातात घेऊन मोठ्यानं वाचायला लागला.

"अरे ए, गतिमान! जरा गतीनं एक बिअर आण की!"

"परिणामकेंद्री," मागून कुणीतरी म्हणालं, "गेल्या शनिवारी तुझ्या जाळ्यात किती खेकडे आले रे?"

सगळा पब हसला. आमच्याकडे हे असंच आहे. गवतात एखादं फूल इतरांपेक्षा वर डोकावलं की त्याची मान छाटायला सगळे कात्री घेऊन तयार. म्हणून इथला माणूस स्वतःबद्दल बोलताना कायम खाली वाकून बोलतो. बुडणाऱ्याला वाचवून आला तरी म्हणेल, जरा पाय ओले झाले. केल्विननं घरी येऊन माझी घडी केली आणि मला पावाच्या डब्याखाली सारून दिलं. मला त्याचा राग आला नाही, मलाही माझी लाजच वाटत होती.

शनिवारी टेगन आली. तिनं मला बाहेर काढलं, माझा निळ्या शाईतला पहिला कागदही शोधला, दोन्ही वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे कोण आहे?"

"मी."

"हा तू नाहीस. आणि आधीचा कागद? वय कशाला लिहिलंयस? विधुर कशाला? लग्न जमवायचंय का तुझं?"

"विचारतील ना."

"कुणी विचारत नाही. आणि तो मासा काढ."

"मासा चांगला आहे, टेगन."

"मासा पार्क सांभाळणार नाहीये."

तिनं चहा केला आणि उलटतपासणी सुरू केली.

"दुकानात काय करायचास?"

"काउंटरवर असायचो. माणसं यायची, मागायची, मी द्यायचो. त्यात काय?"

"'त्यात काय' आज या घरात बंद. आपल्या जत्रेला बाहेरगावचे लोक येऊन मैदानावर उतरतात. किती असतात?"

"बरेच."

"बरेच म्हणजे?"

"असतील तीनेकशे गाड्या."

"त्यांची जागा, पाणी, संडास, कचरा, हे सगळं कोण बघतं?"

"सगळे मिळून बघतात."

"सगळे म्हणजे कोण, बाबा?"

केल्विननं कप खाली ठेवला. "मी," तो म्हणाला.

मग माझा खरा जन्म झाला. दोन पानं, साधा टाईप, फोटो नाही, वय नाही. वर नाव, फोन, आणि पार्कला काय हवंय त्यालाच उत्तर देणाऱ्या तीन ओळी. 'जबाबदार होतो' असं नुसतं म्हणायचं नाही, काय केलं आणि त्यानं काय झालं ते लिहायचं, असा टेगनचा दंडक. जत्रेच्या आदल्या दिवशी पाण्याची मुख्य नळी फुटली होती आणि जेवणाच्या आत केल्विननं ती बदलून पाणी चालू केलं होतं, हे लिहिलं. गावच्या अग्निशमन दलात पगार न घेता केलेली सगळी वर्षं लिहिली. केल्विनला ते काम वाटतच नव्हतं.

"लोक म्हणतील, केल्विन शेफारला."

"यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही."

"मग फुशारकी कसली?"

तो माझ्याकडे पुन्हापुन्हा बघत राहिला. कुणीतरी आपलाच जुना शर्ट धुऊन इस्त्री करून समोर ठेवावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

आता उरला माझा शेवटचा कोपरा. आमच्याकडे रेझ्युमेच्या तळाशी दोन माणसांची नावं आणि फोन नंबर लागतात. मालक त्यांना खरोखर फोन करतो आणि विचारतो, माणूस कसा आहे? पहिलं नाव ग्लुयासांचं. म्हातारबुवांना ऐकू कमी येतं, पण नाव वजनदार. दुसरं नाव?

"जत्रेच्या कमिटीची अध्यक्ष," टेगन म्हणाली. "जत्रेच्या मैदानावरचं तुझं काम तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही."

"नाही," केल्विन म्हणाला. "कॉलीन नॅनकिव्हेलचं नाव काढू नकोस."

आता इथं तुम्हाला पास्टीचं प्रकरण सांगायला हवं. पास्टी म्हणजे करंजीसारखी मुरड घातलेली, पण आत मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरलेली, चांगली पंजाएवढी. यात गाजर घालायचं नाही. का, ते विचारायचं नाही. मोदकात खोबऱ्याऐवजी कोबी भरला तर तुमच्याकडे जे होईल, तेच आमच्याकडे पास्टीत गाजर निघालं तर होतं. दोन वर्षांपूर्वी जत्रेत केल्विननं कॉलीनच्या स्टॉलवरची पास्टी खाल्ली आणि डार्सीच्या कानात म्हणाला, "हिच्यात गाजर आहे रे." जत्रेतल्या घोषणा करायचा माईक त्याच्या हातात होता, आणि तो चालू होता. अख्ख्या मैदानानं ऐकलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"तिला विचारल्याशिवाय नाव घालायचं नाही," टेगननं बजावलं. "जा आणि विचार."

केल्विन मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॉलीनच्या दारात गेला. माश्या आत येऊ नयेत म्हणून असतं ते जाळीचं दार लावलेलं होतं. ती आतून आली, पण तिनं दार उघडलं नाही.

"कॉलीन."

"केल्विन."

"लाईल कसा आहे?" लाईल तिचा नवरा. दीड वर्षापूर्वी त्याची एक बाजू लुळी पडली होती.

"आहे तसाच. कशाला आलास?"

"पार्कच्या नोकरीला अर्ज करतोय. तुझं नाव द्यायचंय. विचारायला आलो."

"दोन वर्षं तोंड फिरवून जातोस, आणि आता नाव पाहिजे?"

"तूही फिरवतेस."

"मी आधी नव्हतं फिरवलं."

"गाजर होतं, कॉलीन."

"एक तुकडा होता! माझ्या भाचीनं घातला होता!"

आता सगळं संपलं असं मला वाटलं. केल्विन जाळीच्या जवळ सरकला. तो म्हणाला, "नाही मिळाली तर गाव सोडावं लागेल मला." एवढं उघडं त्याला मी कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

कॉलीननं जाळीतून पिशवीतल्या माझ्याकडे पाहिलं. "लिही नंबर," ती म्हणाली. "फोन आला तर खरं असेल तेच सांगेन." आणि आतलं दार लावून घेतलं. परत येताना केल्विन स्वतःशीच पुटपुटत होता, "मेलो."

पार्कची मालकीण ल्योनी हार्टिगन शहरातून येऊन-जाऊन असते. मुलाखत बरी झाली. केल्विननं फार बढाई मारली नाही आणि फार वाकलाही नाही, तो माझ्यातलंच बोलत होता, तेव्हा मला अभिमान वाटला. तो गेल्यावर ल्योनीनं मला टेबलावर ठेवलं आणि ग्लुयासांना फोन लावला. ते ओरडले, "केल्विन? सोन्यासारखा पोरगा! पण दुकान बंद झालंय, बाई!" आणि फोन ठेवला.

मग तिनं दुसरा नंबर फिरवला. फोन स्पीकरवर होता आणि मी त्याच्या शेजारीच पडलो होतो.

"कॉलीनबाई, केल्विन ट्रेझाईजबद्दल विचारायचं होतं. माणूस कसा आहे?"

"हट्टी," कॉलीन म्हणाली. "तोंडाचा फटकळ. स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीत. दोन वर्षं मी त्याच्याशी बोलत नाहीये."

ल्योनीनं पेन खाली ठेवलं. माझी शाई जणू वितळायला लागली.

"मग तुमचं नाव त्यानं का दिलं?"

"तेच सांगतेय. हे बघ बाई, माझा नवरा आजारी पडला ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात थंडी सुरू झाली. घरात शेगडीला लाकूड नाही. एका सकाळी मागच्या फाटकाशी जळणाचा, मॅली झाडाच्या मुळांचा ढीग दिसला. फोडून, रचून ठेवलेला. तो संपत आला की नवा. अख्खा हिवाळा असं चाललं होतं. बेल वाजवायची नाही, आवाज द्यायचा नाही. बोलत नव्हतो ना आम्ही! त्याला वाटतं, कोण ठेवून जातं ते मला माहीत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायचे त्याला. वाकून वाकून रचत असायचा येडा."

ल्योनीनं पेन पुन्हा उचललं.

"तुझ्या पार्कात भांडखोर माणसं येणारच. हा त्यांच्याशी भांडेल, आणि भांडता भांडता त्यांचं तुंबलेलं गटार मोकळं करून देईल. तुला असा माणूस हवा असेल तर घे. आणि हे त्याला सांगू नकोस, शेफारेल."

केल्विनला नोकरी मिळाली. घर विकावं लागलं नाही, होडी आहे तिथंच आहे, आणि रविवारी तो मर्लच्या थडग्यापाशी जाऊन बसतो. टेगन म्हणते, रेझ्युमे नीट लिहिला म्हणून मिळाली. थोडं खरंही आहे. माझ्यावाचून ल्योनीनं त्याला बोलावलंच नसतं.

आता मी पार्कच्या ऑफिसात, केल्विनच्याच टेबलाच्या खणात, जुन्या पावत्यांखाली असतो. काम झालेल्या रेझ्युमेला कोण विचारतो? त्याबद्दल माझं रडगाणं नाही. परवा कॉलीन ऑफिसात आली. तिच्या बहिणीच्या कॅरव्हानला जागा हवी होती. केल्विननं झाडाखालची, समुद्राजवळची जागा दिली. मग हळूच म्हणाला, "कॉलीन, काय सांगितलंस ग तिला?"

"हट्टी आहेस, फटकळ आहेस, आणि तुला पास्टीतलं काही कळत नाही."

"एवढं ऐकूनही घेतलं मला?"

"तिची मर्जी."

दोघंही हसले, आणि ती निघून गेली. केल्विन दारात उभा राहून तिच्या पाठीकडे बघत राहिला. मी खणात नुसता तडफडत होतो. केल्विनपुढे माझ्यावर छापलंय तेवढंच मला बोलता येतं, आणि ही लाकडांची गोष्ट माझ्या दोन पानांत कुठंच नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणाच्या पाठीमागे चांगलं बोललात, तर त्याच्या समोरही एकदा बोला. आणि कधी आमच्या गावी, या पार्कात उतरलात, तर तेवढं माझं काम करा. केल्विन पाण्याचा नळ दाखवायला तुमच्याबरोबर येईल, तेव्हा त्याला सांगा, कॉलीननं खिडकीतून सगळं पाहिलं होतं.