मेराबूने मुरवलेली आंबील

मेराबूच्या सोवळेपणाला अख्ख्या किगेझीच्या डोंगरात तोड नव्हती. जन्मात कधी दारूला शिवली नाही, कुणाच्या चहाड्या केल्या नाहीत, चर्चमध्ये साधी डुलकी काढली नाही. एवढं करून बाईचा जीव टांगणीलाच. आपलं तारण झालंय की नाही, मेल्यावर प्रभू आपल्याला आत घेईल की नाही, या घोरानं तिचा डोळा लागत नसे. आणि तिचा नवरा कोसिया? उभा जन्म पिण्यात घालवलेला हा गडी मागे एका सभेत ढसाढसा रडला, दारू सोडली, आणि तेव्हापासून ज्याला त्याला सांगत सुटला, की आपलं स्वर्गात जायचं पक्कं झालंय. घोरायचा तर असा, की शेळ्या दचकाव्यात.

मेराबूला हे काही सहन होईना. कष्ट आपले आणि खात्री याची, हा कुठला न्याय? याची खात्री खोटी निघाली, तर निदान आपल्या जीवाला थोडा थारा मिळेल, असं तिच्या मनानं घेतलं. तारण झालेल्यांच्या, म्हणजे दारू सोडून सभेला येणाऱ्यांच्या, घरात दारूऐवजी जोंधळ्याची आंबील असतेच. ती जास्त दिवस ठेवली की चढते. मेराबूनं मडकं चुलीमागच्या उबेला सरकवलं, चांगलं मुरू दिलं, आणि शेतातून घामाघूम होऊन आलेल्या कोसियाच्या हातात भांडं भरून दिलं. स्वतः काहीतरी निमित्त काढून शेजारणीकडे निघून गेली. परत आली तेव्हा भांडं रिकामं होतं.

त्या आठवड्याच्या सभेला मंडळी त्यांचे पुढारी येरेमियाभाऊ यांच्या अंगणात जमली. तिथली रीत अशी, की आठवड्यात जे चुकलं ते चारचौघांत उठून सांगायचं, मग सगळ्यांनी गाणं म्हणत त्याला मिठी मारायची. कोसिया उठला, शेळीला शिवी दिली एवढंच बोलला आणि खाली बसला. म्हणजे पिऊन वर लपवतोय! मेराबूला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. तिनं वाकून कानात विचारलं, "आणि आंबिलीचं?"

"ती केळीच्या बुंध्याशी ओतली," कोसिया हळूच म्हणाला. "वासानंच कळलं मला, इतकी वर्षं काय झक मारली होती? तुझ्या हातून चुकून राहिली असेल, म्हणून बोललो नाही. उगाच तुला लोकांत खाली बघायला लागलं असतं."

मेराबूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर वेळी 'प्रभूच्या कृपेनं या आठवड्यात काही नाही' म्हणणारी बाई आज उठली आणि तिनं मडक्यापासून सगळं सांगून टाकलं. नवऱ्याला पाडून स्वतःला बरं वाटून घ्यायचं होतं, हेसुद्धा. मग येरेमियाभाऊंनी गाणं उचललं, बायका तिच्या गळ्यात पडल्या, आणि शेवटी हसू दाबत कोसिया आला.

"आता गं तुझं कसं व्हायचं?" त्यानं मुद्दाम विचारलं.

मेराबूनं नाक पुसलं. मनातली जुनी भीती तिनं चाचपून पाहिली, तर ती जागेवर नव्हती.

"अहो, इतकी वर्षं प्रभूनं माफ करावं असं मी काही ठेवलंच नव्हतं," ती म्हणाली. "आज ठेवलं, तर केलं की त्यानं."