चिवट गवत, चिवट सून

“आठ दिवसांत या नव्या घरात राहायला यायचंय आणि अंगण अजून उघडंबोडकं!” सासूबाईंनी फर्मान सोडलं आणि सून कामाला लागली. अंगात ताप, डोक्यावर ऊन. नर्सरीतून आलेला गवताचा गालिचा उलगडायचा, कडेला कड भिडवायची, गुडघ्यांवर पुढे सरकायचं. सासूबाई सावलीत, खुर्चीत!

“आई, जरा पाणी पिऊन येऊ?”

“आधी एवढी रांग संपव.” मग शेजारणीकडे वळून, “आमची सून भारी चिवट हो! हिला काही होत नाही.”

बघा, छळालाही आपण कौतुकाचे कपडे घालतो!

नवरा सगळं ऐकत होता. मोबाइलमध्ये डोकं खुपसून.

गवत अंथरून झालं. सुनेने नळी उचलली, तर सासूबाई कडाडल्या, “ठेव ती! कमी पाण्यावर जगणारं म्हणूनच आणलंय. त्याचे लाड नकोत.”

“पण नर्सरीवाले म्हणाले, मुळं धरेपर्यंत रोज...”

“मला शिकवू नकोस!”

गवत पिवळं पडलं, कडा वळल्या. एका दुपारी सून त्याच गवतावर कोसळली. सासूबाईंच्या तोंडून पहिलं काय निघावं? “अगं ऊठ, गवत चेपेल!”

नेमक्या तेव्हाच सासूबाईंच्या नणंदबाई नवं घर बघायला आल्या होत्या. त्यांनी सुनेला दवाखान्यात नेलं आणि तिथून थेट माहेरी पोचवलं. परत येऊन त्यांनी गवताचा एक गालिचा टॉवेलसारखा अलगद उचलला.

“वहिनी, बघ. एकही मूळ मातीत गेलेलं नाही.”

“पण हे तर कमी पाण्यावर...”

“जगतं! पण रुजल्यावर! तू नव्या जागी आणून टाकलंस आणि म्हणालीस, सोस. पोरीचंही तेच केलंस. माझ्या आईने तुला छळलं, ते मी पाहिलंय. म्हणून तू तोच कित्ता गिरवायचा?”

सासूबाईंनी तो सुटा गालिचा हातात घेतला. ‘हिला काही होत नाही’ हे त्यांनी स्वतःबद्दलही ऐकलं होतं की!

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन सुनेच्या माहेरी गेल्या. विहीणबाईंनी दार अर्धंच उघडलं.

सासूबाईंनी दारातूनच सुनेला हाक दिली, “चुकले गं मी! चल घरी.”

आतून सुनेचा क्षीण आवाज आला, “अजून उभं राहवत नाही मला. आणि बरी झाले तरी येईन की नाही, ते विचारू नका.”

दार लागलं.

सासूबाई मुलाकडे वळल्या. “तो मोबाइल खिशात ठेव. तूही तितकाच दोषी आहेस.”

वाचकहो, ‘ती सोसते’ असं घरात कुणी म्हणालं, तर तिथेच अडवा त्याला! चूक कधीही कबूल करता येते, पण समोरच्याने माफ करावंच, अशी सक्ती करता येत नाही!