ब्रेकच्या रबराला लावलेलं तेल

मित्रांनो, मोटारसायकलच्या ब्रेकची लोखंडी पट्टी असते ना, जी चालवणारा उजव्या पायाने दाबतो? तिच्यावर मोज्यासारखा चढवलेला जुना रबर तो मी. साच्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर उंच उंच रेघा होत्या. ओला बूटसुद्धा त्यांच्यावरून सरकत नसे. कौतुक मात्र दिव्याचं आणि हॉर्नचं व्हायचं. पायाखालच्या वस्तूकडे कोण बघतंय?

आमचे मालक फ्रेमवाले. फोटोंना चौकट आणि काच बसवायची, हा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकाकडे काच पोचवायची तर मालक पुढे, मालकीणबाई मागे आणि दोघांच्या मध्ये फडक्यात गुंडाळलेली उभी काच. बाईंचे दोन्ही हात काचेला, त्यामुळे धरायला काही नाही. हिसका बसू नये म्हणून मालक पुढचा ब्रेक लावतच नसत. माझ्यावर पाय ठेवून हळूहळू दाबत. म्हणजे बाईंचा जीव माझ्या भरवशावर. मला त्याचा अभिमान नव्हता आणि ओझंही नव्हतं. आपलं काम आपण करायचं.

वर्षं गेली. रेघा झिजल्या, मी गुळगुळीत झालो. बाईंनी दोनदा सांगितलं, रबर बदलून घ्या. मालक म्हणाले, बघू. आणि त्यांचं बघू म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांची एक खोड होती. दुकानात काय, घरात काय, त्यांना सगळं चकचकीत लागायचं. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी गाडी धुतली. मी पांढुरका, भेगाळलेला दिसलो, म्हणून लाकडी चौकटींना लावायचं तेल फडक्यावर घेऊन मला चांगलं चोळलं. मी काळाभोर झालो. झाला की नवा, असं म्हणत त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. आता या शहाणपणाला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी उतारावर समोर हातगाडी आडवी आली. मालकांनी ब्रेक दाबला. बूट माझ्यावरून सर्रकन निसटला. गाडी हातगाडीवर आदळून कलंडली आणि बाई कुशीवर पडल्या. त्यांनी काच छातीशी धरली होती, ती सोडली नाही.

मालक धडपडत उठले, धावले आणि पहिला शब्द निघाला तो धंद्याच्या सवयीचा.

"काच?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "काच शाबूत आहे. आता मला विचारा."

बाईंचं मनगट मोडलं होतं.

संध्याकाळी मालकांनी स्वतः मला काढलं. पट्टीमागे दुमडलेली माझी कड स्क्रूड्रायव्हरने उचकटली आणि मला ओढून बाजूला टाकलं. नवा रबर कोमट पाण्यात मऊ केला. तो चढेना, तेव्हा सवयीने हात तेलाच्या डब्याकडे गेला. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बाई बघत होत्या. मालकांनी डबा परत ठेवला, साबणाचं पाणी लावून एकेक कोपरा बसवला आणि पुसून कोरडा केला. पुसताना त्यांचे डोळे भरले होते. काचा तेव्हापासून टेम्पोने जातात.

मी आता दुकानातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली असतो. तिथून सगळं दिसतं. परवा बाईंच्या हातून एक मोठी काच निसटली आणि खळकन फुटली. मालक धावत आले. तुकडे ओलांडून थेट बाईंपाशी गेले.

"तुला लागलं का गं?"

बाईंनी नाही म्हटलं आणि मालकांना झाडू आणायला पाठवलं.

मित्रांनो, रबर झिजला की बदला, त्याला तेल चोळू नका, एवढंच सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते तर कराच. पण कुणी पडलं, तर आधी त्या माणसाची विचारपूस करा. आम्ही वस्तू आहोत. आम्हाला नंतर विचारलं तरी चालतं.