उष्टी स्लाईड

सकाळपासून डोकं फिरलेलं. वैजापूरच्या चार वर्षांच्या सत्यमच्या यकृताचा तुकडा सुईनं काढलेला, शेवयीएवढा. त्याचे पातळ काप काचांवर लावून रंगवता रंगवता आता एकच न रंगवलेली स्लाईड उरली होती. ती बिघडली की पोराच्या पोटात परत सुई. त्याचा बाप सोमनाथ लॅबच्या बाहेर बाकड्यावर बसून घंट्या-घंट्याला तेच विचारायचा, "ताई, परत टोचावं लागंल का?"

काम तसं सोपं. पहिलं ॲसिड साखरेची साखळी फोडतं. मग शिफ नावाचं औषध, बाटलीत पाण्यासारखं, ते फुटलेल्या टोकांना धरतं अन् जांभळट गुलाबी होतं. पण गुलाबी तर दुसऱ्या गोष्टीपण होतात. म्हणून जोडीच्या स्लाईडवर आधी डायस्टेस टाकायचं. ते साठलेली साखर खाऊन टाकतं. तिथला गुलाबी गेला तर साखर, राहिला तर आजार दुसराच.

आमच्या दोन्ही गुलाबी.

"म्हंजी साखर नाय," हनुमानदादा म्हणाला. पंधरा वर्षं हाच स्लाईडी रंगवतो.

"की डायस्टेसच मेलंय? कशात कालवलं?"

"पाण्यात. अजून कशात?"

"कोणत्या?"

"नळ आठ दिवसाला येतो, टाकीचं पाणी वास मारतं. उकळून घेतलं की!"

"थंड केलं होतं?"

"थंड व्हायला येळ कुठं होता?"

"दादा, घरी उकळत्या दुधात विरजण घालता का? दही लागंल का?"

"ए, नववीतून पळालेली तू मला शिकवतीस?"

डायस्टेसच्या पावडरची बाटली रिकामी. नवी यायला चार दिवस, रिपोर्ट संध्याकाळी. मी म्हणले, थुंकी टाकू. भाकर लई येळ चावली की गोड लागते, ती थुंकीमुळंच. त्यात हेच डायस्टेस असतं.

"पेशंटच्या तुकड्यावर उष्टं? डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"मग तुम्ही थुंका."

"माझ्या तोंडात..."

"माहितीय. गुटखा. शिफच्या आधीच लाल व्हईल."

तो तणतणत बाहेर गेला. मी तीनदा चूळ भरली, उरलेल्या स्लाईडवर थुंकले, अन् ती इन्क्युबेटरच्या उबेत ठेवली. एक घंटा हात नुसते शिवशिवत होते. मग धुतली, ॲसिड, शिफ, परत धुतली. पहिलीशेजारी धरली. पहिली गुलाबी भडक. ही फिक्की, जवळजवळ पांढरी.

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मंजुषा मॅडमनी दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. "ग्लायकोजेनच आहे, म्हणजे साठलेली साखर. भरपूर. कशानं काढलंस?"

"थुंकले."

परत आलेल्या हनुमानदादानं भिंतीकडं तोंड केलं.

"जुने लोक करायचे असं," मॅडम म्हणाल्या. "पण आधी दुसऱ्या कुणाच्या स्लाईडवर करून बघायचं. शेवटची होती ती. चुकलं असतं तर?"

पाणी उकळणाऱ्याला एक शब्द नाय, अन् मला हे. पण सुचलं नव्हतं, हेबी खरं.

बाहेर मॅडमनी सोमनाथला सांगितलं, सुई नको. पोराच्या यकृतात साखर साठतेय, वापरली जात नाय. त्याला उपाशी ठेवायचं नाय, रात्रीपण उठवून खाऊ घालायचं. बाकी मोठ्या डॉक्टरकडं.

मॅडम आत गेल्या. तो माझ्याकडं बघत राहिला. "ताई, मंग हे चांगलं झालं का वाईट?"

"मला काय इचारता? सुई नाय, एवढंच मला माहीत."

ओरडलेच मी त्याच्यावर. त्यानं मान हलवली, अन् सत्यमच्या आईला फोन लावला.