सुटलेली सम

मी गाणी सरळ करते. गाणं सॉफ्टवेअरात टाकायचं, त्याचा वेग काढायचा आणि प्रत्येक ठोक्यावर एक उभी रेघ बसवायची, हा माझा धंदा. या रेघांच्या जाळीला ग्रीड म्हणतात. ग्रीड बरोबर असेल तर डीजे एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जातो आणि नाचणाऱ्याला कळतही नाही. चूक असेल तर दोन ढोल भर रस्त्यात भांडतात. अकोल्यातले निम्मे डीजे गाणी माझ्याकडून करून नेतात, कारण त्यांना धीर नाही. सॉफ्टवेअर सांगेल ते खरं मानतात. आणि सॉफ्टवेअर मिनिटाला शहाण्णव ठोक्यांचं गाणं बेधडक एकशे ब्याण्णवचं म्हणून सांगतं.

मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ अश्विन, तोही डीजेच, एक कॅसेट घेऊन आला. बाबांची. आमचे बाबा, धर्मपाल, भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. नऊ वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. कॅसेट त्यांच्या बाळापूरच्या एका कार्यक्रमाची होती.

"ताई, चौदा एप्रिलले मिरवणुकीत गाडीवर हेच लावतो," अश्विन म्हणाला. "खालून मशीनच्या ढोलाची किक दे, चांगली छातीत बसली पाहिजे. अमरावतीचे डीजे येऊन राहिले. एक बी ठोका हलला नाई पाहिजे."

"माह्या हातून ढिलं गाणं गेलं का कधी?" मी म्हटलं.

बाबांपुढे सॉफ्टवेअरने हात टेकले. माणसाचा हात तो. रंगात आला की धावायचा, गायक दमला की त्याच्यासाठी थोडा मागे यायचा. शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, पंच्याण्णव. शेवटी मी एकेक रेघ हाताने ओढून बसवली. चार दिवस लागले. खरं सांगायचं तर ते चार दिवस फार बरे गेले. बाबा होते तेव्हा मी त्यांच्याजवळ इतका वेळ कधी बसले नव्हते.

तीन मिनिटं बारा सेकंदांवर रेघ होती आणि ठोका नव्हता. तालाच्या चक्राचा पहिला ठोका, म्हणजे सम, तीच नव्हती.

दुसऱ्या कोणाला यात काही वाटलं नसतं. पण बाबांच्या पार्टीत एक रीत होती. गायकाचं तोंड लोकांकडे, त्याला मागचं दिसत नाही. ढोलकीवाल्याला सगळं दिसतं. मंडपाचा बांबू सरकला, वायरीतून ठिणगी उडाली, काहीही विपरीत दिसलं की ढोलकीवाला एक सम सोडायचा. सम सुटली की गायकाने आहे तिथे थांबायचं आणि मागे पाहायचं. ढोलकीवाल्याने मान हलवली की मगच पुढे. बाबा घरी आम्हाला हाच खेळ खेळवायचे. ताटावर बोटं वाजवायचे आणि मधेच सम गाळायचे. मी दरवेळी चुकायचे. सहा वर्षांचा अश्विन मात्र घास तोंडाशी धरून पुतळ्यासारखा थांबायचा आणि बाबांकडे पाहायचा.

मी आधीची एक सम उचलली आणि त्या जागी चिकटवली. काम झालं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर जागा मोकळी.

आधी मी अश्विनला झापलं. त्याने हात लावला नव्हता. मग लॅपटॉपला शिव्या दिल्या. कॅसेट नव्याने उतरवली, सम पुन्हा चिकटवली. सकाळी पुन्हा मोकळी. आजूबाजूचा एकही ठोका हललेला नाही, फक्त तोच नाही. तिसऱ्या दिवशी मला राग आला. मी त्या जागेवर मशीनची किक घातली, तीही दुप्पट मोठी. ऐकणाऱ्याला आता काही कळणार नव्हतं. मी गाणं लावून पाहिलं.

आई दाराशी लसूण सोलत बसली होती. तिचा हात थांबला.

"त्या जागी सम काहून सुटली?"

"कॅसेट जुनी हाय, आई."

"कॅसेट जुनी हाय, मी का बहिरी हाव? त्या रोजी मी समोर बसली होती. तुह्या बाबानं एक बी सम सोडली नोती. काईच बिघडलं नोतं त्या रोजी."

"मंग आता कशी सुटली?"

तिने पाकळी सोलून वाटीत टाकली. "आता दिसून राहिलं असन त्याईले काई," ती म्हणाली.

भर दुपारी बारा वाजता, पंख्याखाली, माझ्या अंगावर काटा आला. ते गाणं लागणार होतं तेव्हा स्पीकरच्या गाडीवर सगळ्यात उंच अश्विन उभा राहणार होता.

मी किक काढली. त्या एका ठोक्यापुरतं सगळंच बंद ठेवलं, आणि फाइल अश्विनला दिली. तो भडकला.

"ताई, लोक म्हणतीन मशीन अटकली. अमरावतीवाले हासतीन मले."

"हासू दे. हे असंच वाजन, नाईतर वाजनच नाई."

चौदा तारखेला मी गाडीच्या मागून चालत होते. गाणं कधी लावायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. वाटेत जनरेटर बंद पडला, पाऊण तास तसाच गेला, आणि तो सुरू झाल्याबरोबर अश्विनने बाबांची ढोलकी लावली. लोक वेडे झाले. मी मात्र फोनवरचे सेकंद पाहत होते. तीन मिनिटांनी अश्विन वरच्या स्पीकरवर चढला. कोणीतरी त्याच्या हातात निळा झेंडा दिला, लोखंडी पाइपाचा. तो झेंडा उंच करायला लागला.

सम सुटली.

अश्विन थांबला. हात अर्धा वर, तोंड उघडं. मग त्याने मान वळवून मागे पाहिलं, जिथे त्या वेळी कोणीच नव्हतं. ढोलकी पुढे निघून गेली, लोक नाचत राहिले, आणि माझा भाऊ कोणाच्या तरी होकाराची वाट पाहत तसाच उभा राहिला. मी वर पाहिलं. उन्हाने लोंबलेली विजेची तार पाइपाच्या टोकापासून वीतभर वर होती.

गाडी तारेखालून निघून गेली. अश्विनने झेंडा हळूहळू खाली आणला आणि स्पीकरवरच बसून घेतलं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मान हलवली ना त्याईनं, ताई."

दुसऱ्या दिवशी मी कॅसेट पुन्हा उतरवून घेतली. ती मोकळी जागा मला जशीच्या तशी जपून ठेवायची होती. सॉफ्टवेअरने चार सेकंदांत वेग सांगितला. शहाण्णव. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत शहाण्णव, कुठे धावणं नाही, कुठे मागे येणं नाही. तीन मिनिटं बारा सेकंदांवर स्वच्छ, वेळेवर पडलेली सम होती. मी माझी आधीची फाइल उघडली. तीही तशीच.

आई दाराशी येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकत होती.

"हे कोन वाजवून राहिलं व?"

"बाबा," मी म्हटलं.

"नाई," ती म्हणाली आणि आत गेली.

मी रडले. मग डोळे पुसून स्क्रीनकडे पाहिलं. प्रत्येक रेघ प्रत्येक ठोक्यावर आपोआप बसली होती, आणि माझ्या हाताला काहीच काम उरलं नव्हतं.