दोन कड्यांची डेग

अहो, इकडं खाली बघा. कोपऱ्यात पालथी पडलीय ना, तीच मी. चर्चची पितळी डेग बोलतेय. दचकू नका, माझं तोंड पहिल्यापासून मोठंच आहे.

जन्म माझा पुण्यातल्याच तांबट आळीतला. ठोकून ठोकून घडवलं, म्हणून आवाज हा असा. दोन बाजूंना दोन जाड कड्या लावल्या आणि या मंडळीनं मला आणलं. चर्चच्या सगळ्या लोकांना मिळून मंडळी म्हणतात. एक कुटुंबच म्हणा, रुसव्याफुगव्यांसकट.

माझं काम प्रीतिभोजनाचं. ईस्टरला, नाताळला उपासना झाली की सगळे एका पंगतीला बसणार आणि माझ्यातला पुलाव खाणार. नियम एकच. मला चुलीवरून उतरवायचं ते दोन घरच्या दोघांनी. एकाच घरानं दोन्ही कड्या धरायच्या नाहीत. हा नियम कुणी घातला ते आता कुणाला आठवत नाही, पण मोडला मात्र कुणी नाही.

कितीतरी वर्षं एक कडी शरच्चंद्रची, दुसरी समाधानची. समाधानची बहीण सुवार्ता शरच्चंद्रला दिलेली. मला उचलताना दोघांची टिंगल चालायची. हा म्हणायचा, दाजी, दम लागला का? तो म्हणायचा, तुझीच बाजू खाली जातेय. मीही काही कमी नाही. मुद्दाम शरच्चंद्रच्या चष्म्यावर वाफ सोडायची. बिचारा आंधळ्यासारखा पाऊल टाकायचा आणि समाधान त्याला वाट सांगायचा. पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं की मी झाकण खडखडवायची. तेवढ्यावर त्यांचा शेवटचा मुद्दा खरोखर शेवटचा ठरायचा.

मग आला तो पडदा.

समाधानची मुलगी रुपाली हिंजवडीला कंपनीत आहे. म्हाताऱ्यांना पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून गाणी मोठी दिसावीत असं तिला वाटलं. पोरीनं समोरच्या भिंतीवर पांढरा पडदा लावला. पण तो खाली सोडला की मागचा लाकडी क्रूस झाकला जायचा. शरच्चंद्र भर उपासनेत उठला.

"आम्ही इथं सिनेमा बघायला येत नाही."

पोरगी म्हणाली, दोन फूट सरकवते. दोन फूट हो! तेवढ्यात मिटलं असतं. पण समाधानला लागलं, माझ्या पोरीला चारचौघांत बोलले. आणि शरच्चंद्रला सरकवलेलाही नको. झाले दोन तट, पडदावाले आणि पुस्तकवाले. पडदावाल्यांनी वारजेला एक हॉल बघितला आणि रविवारी तिकडं जमायला लागले. पाळकसाहेब एकीवर बोलून बोलून घसा बसवून आले, दोन्हीकडं. दोन्हीकडचे म्हणाले, फार छान बोललात, त्यांना असंच सुनवायला पाहिजे होतं.

मला इतका राग आला! पण पालथ्या भांड्याला कोण विचारतं?

हाल झाले सुवार्ताचे. इकडं नवरा, तिकडं भाऊ. घरात भावाचं नाव काढायची चोरी, भावाकडं गेलं तर नवऱ्याचं. तिला एवढंच हवं होतं, दोघं एका पंगतीला बसलेले बघायचे. या ईस्टरच्या आधी ती बसनं वारजेला गेली, घरोघर फिरली. "उपासना कुठं करायची तिथं करा, जेवायला तरी घरी, आपल्या चर्चला या," म्हणाली.

आले की. आणि समाधानही आला.

मी चुलीवर, पुलाव तयार. उतरवायची वेळ झाली. एका बाजूला शरच्चंद्र हात बांधून, दुसऱ्या बाजूला समाधान हात बांधून.

"धरा, दाजी."

"छे छे, आपण धरा. पाहुणे आहात."

"पाहुणे आम्हाला तुम्ही केलंत."

"मग पडद्यावर लिहून दाखवा, कसं धरायचं ते."

मागची माणसं आपापल्या माणसाकडं बघून हसली. खाली लाकडं धडधडतायत, माझ्या बुडाला भात लागतोय, करपल्याचा वास सुटलाय. मी झाकण खडखडवलं, वाफ फेकली, ओरडायची तेवढी राहिले. लाकडं ओढून घ्यावीत एवढंही कुणाला सुचेना. जो आधी वाकेल तो हरला ना!

शेवटी सुवार्तानं पदर हाताला गुंडाळला आणि एकटीनंच एक कडी धरून ओढली. मी कलंडले. कढत भात तिच्या पायावर जाणार, तेवढ्यात दोघं धावले. आणि धावून काय करावं? दोघांनी समोरची एकच कडी धरली. हातावर हात. सत्तरीची बाई एका बाजूला, हे दोन बाप्ये दुसऱ्या बाजूला. असं त्यांनी मला खाली ठेवलं.

मग दोघांनी चटकन हात काढून घेतले. मी तापलेली होते म्हणून, असं म्हणूया.

करपलेला पुलाव सगळे गुपचूप जेवले. शरच्चंद्र पंगतीच्या या टोकाला, समाधान त्या टोकाला. पंगत मात्र एकच होती. सुवार्ता वाढताना सारखी डोळे पुसत होती, धुराचं निमित्त होतं. मला वाटलं, झालं, जमलं.

कुठलं हो! पुढच्या रविवारी ते परत वारजेला, हे इथंच. पडदा गुंडाळलेला तसाच. माझ्या बुडाचं काळं अजून निघत नाही.

नाताळ जवळ आलाय. दोन्हीकडून निरोप आलेत, डेग आम्हाला हवी. न्या की! पण नियम माहिती आहे ना?

काल सुवार्ता आली होती. चिंच लावून मला घासलं, बुडाचं काळं खरवडत बसली. मग पिशवीतून दोन फडकी काढून एकेका कडीला एकेक बांधलं, हात भाजू नये म्हणून. एक शरच्चंद्रच्या जुन्या शर्टाचं. दुसरं समाधानच्या. ते तिनं भावाच्या घरून मागून आणलं होतं. दिवा मालवून गेली.

तर बाबांनो, मला एका बाजूनं ओढू नका. फडकी बांधून झालीत. आता हात तेवढे आणा.